श्वास वीस

मी एक जुनं घड्याळ आहे, मित्रांनो. चावीचं, बायकांच्या मनगटावर बसेल एवढं, पांढऱ्या तबकडीचं. मला काटे तीन. त्यातला सेकंदाचा काटा लाल होता, आता त्याचा रंग उडालाय. व्याकरणाप्रमाणे मी 'ते', पण बोलायला बसलो की मला 'तो' व्हावंसं वाटतं, तेवढं चालवून घ्या. सध्या मी नाशिकमधल्या एका दवाखान्याच्या टेबलाच्या खणात पडून आहे. शेजारी गंजलेल्या टाचण्या, बाटल्यांची रबरी बुचं आणि शाई वाळलेली चार पेनं आहेत. वेळ सांगायला मी आता उपयोगाचा नाही, म्हणून गोष्ट सांगतो. गोड गोष्ट हवी असेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे जा. ते लांबून बघतं, त्याला काही लागत नाही.

माझा स्वभाव जरा किरकिरा आहे, हेही आधीच सांगून टाकतो. मिनिट म्हणजे साठ सेकंद. एकोणसाठ नाही आणि 'जवळजवळ' तर मुळीच नाही. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी माझं जमत नाही.

१९९१ साली सहादू गांगुर्डे नावाच्या माणसाने मला मेन रोडवरच्या दुकानातून घेतलं. सहादू सातपूरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. पाळी सुरू होताना मशीन तपासून एका कागदावर बरोबरची खूण करायची असे. मदतनीसाकडे दोन मशिनं होती. त्याने एक तपासलं आणि दुसऱ्यापुढे नुसतीच खूण केली. ते दुसरं सहादूचं होतं. बोटं गेली, पण कागदावर मात्र सगळं बरोबर होतं, त्यामुळे चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही.

त्याची मुलगी मोहिनी तेव्हा नर्सिंगच्या शिक्षणाला लागली होती. दुकानातून घरी आल्यावर त्याने मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "तुझ्या कामात घड्याळ लागतं म्हणे. घाल. पण एक ऐक पोरी, न बघता खूण करू नको. बाकी काय चुकलं तर चालंल."

"नाही करणार, दादा," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. ते शब्द मी ऐकले आहेत. पुढचं सगळं त्या शब्दांवरच बेतलेलं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

नर्सला मनगटावर घड्याळ चालत नाही, दर थोड्या वेळाने हात धुवावे लागतात. म्हणून मोहिनीने माझा अर्धा पट्टा कापला आणि उरलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावून मला छातीवर टांगलं, तेही उलटं. तिने मान खाली घातली की तिला मी सुलटा दिसावा म्हणून. त्यामुळे बारा वर्षं मी दुनिया डोक्यावर उभं राहून पाहिली. फार काही वेगळी दिसत नाही, इतकंच सांगतो.

तिला शिकवायला सकीना शेख नावाच्या बाई होत्या. सगळ्या मुली त्यांना ट्यूटर म्हणत. बुटक्या, आवाज खणखणीत, आणि माझ्यासारख्याच किरकिऱ्या. त्यामुळे माझं त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जुळलं. दवाखान्यात प्रत्येक खाटेला एक कागद टांगलेला असतो. त्यावर रोग्याचा ताप, नाडी आणि श्वास लिहितात. ताप पारा सांगतो. नाडी बोटाला लागते. श्वास मात्र नुसता डोळ्यांनी मोजायचा असतो. छाती किती वेळा वर येते, किती वेळा खाली जाते. धडधाकट माणसाचा मिनिटाला सोळा ते वीस.

"आणि रोग्याला कळू द्यायचं नाही," ट्यूटर सांगत. "कळलं की तो श्वास धरून ठेवतो, नाहीतर मुद्दाम घेत बसतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. त्याला वाटू दे नाडीच चालली आहे. नजर छातीवर, मग घड्याळावर, मग छातीवर. पुरं एक मिनिट. आजारी माणसाचं पहिलं खोटं त्याचं तोंड बोलतं, 'बरं आहे' म्हणून. श्वासाला खोटं बोलता येत नाही."

मित्रांनो, ही युक्ती नीट समजून घ्या. हात धरलेला सगळ्यांना दिसतो. पण नर्स खरंच मोजते आहे की नुसतीच उभी आहे, ते रोग्याला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. ते फक्त मला कळतं. तिची नजर माझ्याकडे येते की येत नाही, एवढ्यावरून.

शिकत असताना मोहिनीची नजर माझ्यावरून हलत नसे. मालेगावहून एका विणकराची बायको आली होती. ताप उतरलेला, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. मोहिनीने श्वास मोजला, छत्तीस. परत मोजला, छत्तीस. ती घाबरत घाबरत डॉक्टरांकडे गेली. फोटो काढला तर एका बाजूचं फुफ्फुस भरलेलं. त्या बाईला आणखी बारा दिवस ठेवून घेतलं आणि ती चालत घरी गेली. ट्यूटरने वर्गात मोहिनीला उभं केलं आणि म्हणाल्या, "हिने काही मोठं केलं नाही. हिने मोजलं." त्या दिवशी मी एवढा फुगलो होतो की पिन वाकते की काय असं वाटलं.

माझ्या आयुष्यातले बरे दिवस एवढेच.

१९९४ मध्ये मोहिनी पंचवटीच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात कामाला लागली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. बायकांचा वॉर्ड पन्नास खाटांचा, आणि खाटांच्या मध्ये सतरंजीवर आणखी आठ-दहा जणी. सिस्टर एका पाळीला एक. कागदोपत्री पाळीला चार जागा होत्या. त्यांतल्या दोन कधी भरल्याच नाहीत, आणि तिसरीवर नेमलेली बाई ऑफिसात बसत असे.

आता हिशेब तुम्हीच करा. साठ बायका, प्रत्येकीला एक मिनिट, तर झाला एक तास. नुसता श्वास मोजायला. मग गोळ्या कधी द्यायच्या? सलाईन कोण बदलणार? चादरी मोजून धोब्याला द्यायच्या, औषधांचं रजिस्टर लिहायचं, डॉक्टर आले की त्यांच्या मागे धावायचं, नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. एकदा एका माणसाने हात उगारला, कारण त्याच्या आईला बेडपॅन मिळायला उशीर झाला. त्याचंही काही चूक नव्हतं. त्याला एक सिस्टर दिसत होती, आणि ती त्याच्या आईपाशी नव्हती. मोहिनी घरी जाताना चपला हातात घेऊन जिना उतरायची, पाय इतके सुजत.

म्हणून आधी मिनिटाचं अर्धं मिनिट झालं, दुप्पट करून लिहायचं. मी कुरकुर केली, पण चालवून घेतलं. मग पंधरा सेकंद झाले, चौपट करून. मग एक दिवस नजर माझ्याकडे न येताच पेन चाललं. श्वास वीस.

एक गोष्ट मान्य करतो. तो आकडा तिने शोधला नव्हता. तो त्या वॉर्डात तिच्या आधीपासून राहत होता. प्रत्येक खाटेच्या कागदावर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस. म्हातारीला वीस, बाळंतिणीला वीस. एका पाळीत तर घरी सोडलेल्या बाईच्या कागदावर संध्याकाळचे वीस आधीच लिहून ठेवलेले निघाले. सुरुवातीला मोहिनी एकदा अठ्ठावीस लिहून बसली तेव्हा इन्चार्ज यादव सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं.

"हे काय लिहिलंस?"

"मोजलं, सिस्टर. अठ्ठावीस आला."

"अगं, आला असेल. पण अठ्ठावीस लिहिलं की डॉक्टरला कळवावं लागतं. कळवलं की ते विचारणार, फोन कशाला केला. उगाच कशाला डोकं उठवून घेतेस. वीसचं कुणी विचारत नाही."

यादव सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांनीच मोहिनीला कितीदा आपल्या डब्यातली भाजी दिली आहे. त्या वॉर्डात वीस वर्षं उभ्या राहून त्यांच्यातलं जे काही होतं ते झिजून गेलं होतं, बस. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, असं त्या म्हणायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या.

अशी नऊ वर्षं गेली. मोहिनी मला रोज सकाळी चावी द्यायची. माझ्याकडे बघायची ती मात्र नाडीपुरती, नाहीतर डबा खायची वेळ झाली का, एवढंच बघायला.

२००३ साल उजाडलं. नाशिकला सिंहस्थ होता. पर्वणीच्या दिवसांत नदीकाठी तात्पुरते दवाखाने उघडले होते, आणि आमच्या ट्रस्टने सेवेचं पुण्य म्हणून निम्म्या सिस्टर तिकडे धाडल्या. पुण्य तिकडे गेलं आणि वॉर्डात एकामागून एक पाळ्या ओढायला उरली एकटी मोहिनी. त्या आठवड्यात बासष्ट बायका होत्या.

चौदा नंबरच्या खाटेवर भागीबाई होती. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची. सिंहस्थासाठी रस्त्याचं काम चाललं होतं, त्यावर ती आणि तिचा नवरा देवराम खडी टाकायला आले होते. ती ट्रॉलीवरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. पायाला दोरी बांधून दोरीला विटा टांगल्या होत्या. तीन दिवस ती तशी उताणी पडून होती. तक्रार नाही, कण्हणं नाही. कुणीही विचारलं, "कशी आहेस?" की ठरलेलं उत्तर, "बरी हाय, बाय."

देवराम खाटेपाशी उकिडवा बसून असायचा. त्याचं एकच मागणं होतं. दवाखान्यात पोळी-डाळ मिळायची, आणि ही डोंगरातली भात खाणारी माणसं. "बाय, भात नाय का? हिला चपाती उतरत नाय." पहिल्या दिवशी दोनदा विचारलं, दुसऱ्या दिवशी तीनदा. मोहिनी दर वेळी म्हणायची, "सांगते हं," आणि दुसरं काम समोर आलं की विसरायची. त्याचं तिला वाईटही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाची फेरी होती. बाहेर रस्त्यावर लाउडस्पीकरवरून यात्रेकरूंना सूचना चालल्या होत्या, अमक्या घाटाकडे जा, तमक्या घाटाकडे जाऊ नका. वॉर्डात आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नव्हतं. मोहिनी चौदा नंबरपाशी आली. भागीबाईचं मनगट धरलं.

"कशी आहेस?"

"बरी... हाय, बाय."

दोन शब्दांच्या मध्ये भागीबाई थांबली. मी ते ऐकलं. मोहिनीने नाडी पंधरा सेकंद मोजली. एकशे चार. पाय दुखत असेल, नाडी जलद असणारच, असं तिला वाटलं असावं. आता नजर छातीवर जायची वेळ होती. तेवढ्यात नऊ नंबरवरून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, बाटली संपली, नळीत रक्त चढतंय." मोहिनीने मान तिकडे वळवली. मनगट तिच्या हातातच होतं. युक्तीप्रमाणे तिने ते सोडलं नव्हतं.

देवराम उठून उभा राहिला. त्याचा आवाज मुळातच लहान, त्यात मोठ्या माणसांपुढे आणखी लहान होणारा. तो म्हणाला, "बाय, भाता बघ हिचा."

भाता म्हणजे लोहाराचा भाता, मित्रांनो. कातडी पिशवीचा, वर-खाली करून जाळाला वारा घालतात तो. देवरामला श्वास मोजता येत नव्हता, पण छातीचा भाता झालेला त्याला दिसत होता. ट्यूटरने वर्षभर जे शिकवलं ते त्याने तीन शब्दांत सांगितलं होतं.

आणि मोहिनीला ऐकू आलं, "भात बघ हिचा."

"हो हो, आज नक्की," ती म्हणाली. "बारा वाजता भात येईल. मी आत्ता किचनमध्ये सांगते." खरंच मनापासून म्हणाली. तीन दिवस राहून गेलेलं काम आज करायचंच, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

देवरामला काही उलगडलं नाही. पण सिस्टरबाई हो म्हणाली, म्हणजे तिला कळलं, आता ती करील काहीतरी. त्याने मान हलवली आणि परत उकिडवा बसला.

ते सगळं होईस्तोवर भागीबाईचं मनगट मोहिनीच्या बोटांत होतं आणि मी छातीवर उलटा लटकत होतो. मी मोजलं. मला दुसरं येतं काय? पुरं एक मिनिट मोजलं. एकेचाळीस. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आमच्या जातीला टिकटिक तेवढी दिलेली आहे, आणि टिकटिक लाउडस्पीकरपुढे कोण ऐकणार. मोहिनीने मनगट हलकेच खाली ठेवलं, कागदावर लिहिलं, श्वास वीस, आणि ती नऊ नंबरकडे धावली.

तिथून जाताना ती किचनच्या दारात थांबली आणि आत हाक मारून म्हणाली, "चतुराबाई, चौदाला भात द्या आज. तीन दिवस मागतायत बिचारे." हे मी मुद्दाम सांगतो. तिच्या मनात पाप नव्हतं.

बारा वाजता चतुराबाई जेवणाची गाडी ढकलत आली. चौदा नंबरपाशी थांबून तिने वाफाळत्या भाताची ताटली पुढे केली. देवराम ताटलीकडे बघतच राहिला.

"ह्यो कशाला?"

"तूच मागितलास ना? सिस्टरने सांगून ठेवलाय."

"मी भात नाय म्हनलो," देवराम म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "भाता. भाता म्हनलो मी." आणि त्याने दोन्ही हात छातीवर ठेवून वर-खाली करून दाखवले.

मोहिनी तीन खाटा पलीकडे गोळ्या वाटत होती. तिने ते हात पाहिले. गोळ्यांचा ट्रे तिच्या हातून खाली पडला. ती धावली तेव्हा भागीबाईचे ओठ निळे पडले होते आणि छाती आता वर-खाली होत नव्हती, नुसती थरथरत होती. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, छाती दाबली. पाऊण वाजता सगळं संपलं. हाड मोडून पडून राहिलं की कधी कधी रक्ताची गाठ फुफ्फुसात जाते, असं डॉक्टर म्हणाले. आधी नुसता श्वास वाढतो. दहा वाजता कळलं असतं तर, असं मोहिनीने विचारलं. "कदाचित," डॉक्टर म्हणाले, आणि हात धुवायला गेले. भाताची ताटली खाटेखाली तशीच होती.

संध्याकाळी देवराम भागीबाईला घेऊन जायला निघाला तेव्हा तो मोहिनीसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलायला हवं होतं त्याने. त्याने हात जोडले. "लय केलंस बाय. तिचा हात धरून उभी राह्यली व्हतीस तू. आमचा हात कोन धरतं इथं?"

तो गेल्यावर मोहिनीने खाटेखालची भाताची ताटली उचलली.

मग चौकशी झाली. ऑफिसात तीन माणसं बसली होती, समोर भागीबाईचा कागद. बाहेर बाकावर यादव सिस्टर मोहिनीला म्हणाल्या, "तोंड उघडू नको. दहा वाजता श्वास वीस लिहिलाय तू. कागद तुझ्या बाजूने आहे. कुणी काही करू शकत नाही." खरंच होतं ते. सहादूच्या बोटांच्या वेळेसारखंच, कागदावर सगळं बरोबर होतं.

"दहा वाजेपर्यंत सगळं नॉर्मल होतं," आतला एक जण म्हणाला. "म्हणजे अचानक झालं. बरोबर ना, सिस्टर?"

मोहिनी म्हणाली, "मी मोजलं नव्हतं, सर."

"मग हा वीस कुठून आला?"

"वीस सगळ्यांचाच असतो, सर. मी एकटी होते. बासष्ट पेशंट होते. बाकीचे कागद काढून बघा."

त्यांनी दोन-चार कागद काढले. वरपासून खालपर्यंत वीस. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग त्यांनी ते कागद अगदी जपून, कोपरे जुळवून, परत ठेवून दिले. आठवड्याने निकाल लागला. बेजबाबदारपणाबद्दल मोहिनी गांगुर्डे यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. वॉर्डात एक नोटीस लागली, 'श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा.' खाली सगळ्या सिस्टरांच्या सह्या घेतल्या. सिस्टर मात्र एकही वाढली नाही. उलट मोहिनीची जागा रिकामी पडली ती पडलीच. ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा चौदा नंबरवर दुसरी बाई आली होती. जाता जाता मोहिनीने तिचा कागद वळून पाहिला. मीही पाहिला. काय होतं ते सांगायला नको.

त्या दिवसापासून तिने मला चावी दिली नाही. पर्समध्ये मात्र ठेवलं.

दिवाळीनंतर एकदा ती पेठच्या एसटीत बसली. रस्ताभर ओठांत तेच पुटपुटत होती, देवरामदादा, मी हात धरला होता पण मोजत नव्हते. पाडा शोधत शोधत ती त्याच्या झोपडीपाशी पोचली. देवरामने तिला पाहिलं आणि शेजारपाजाऱ्यांना गोळा केलं. "हीच ती बाय," तो सांगू लागला. "भागीचा हात शेवटपर्यंत धरलेली." लोक कौतुकाने बघत होते. एका म्हातारीने तिच्या पायांवर पाणी घातलं. मग देवरामने तिच्यापुढे ताट ठेवलं. नव्या साळीचा भात होता, वाफाळता. "खा बाय. तू भातासाठी सांगितलं व्हतंस ना आमच्या. त्या दिशी मी उगा वरडलो."

मोहिनीने भात खाल्ला. सगळा खाल्ला, शितही ठेवलं नाही. आणि न बोलता परतीच्या गाडीत बसली. साहेबांपुढे खरं बोलून तिने नोकरी घालवली होती. पण या माणसाकडे त्या धरलेल्या हाताशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, आणि ते काढून घ्यायचं बळ तिच्यात नव्हतं. तिने बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे ती सातपूरला एका कारखान्यात कापलेल्या-भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधायच्या कामाला लागली. वर्षं गेली.

२००९ मध्ये सहादू आजारी पडला. आता म्हातारा झाला होता, खोकला, ताप. त्याला ज्या दवाखान्यात ठेवलं तोच हा, जिथल्या खणातून मी बोलतोय. संध्याकाळी स्नेहल नावाची एक नर्स आली. कोवळी पोर, कंत्राटावर लागलेली. तिने सहादूचा हात धरला, तोच दोन बोटं नसलेला. दारातून कुणीतरी हाक मारत होतं, तिची मान तिकडे. पाच-सात सेकंद झाले, हात खाली ठेवला, कागदावर लिहिलं.

मोहिनीने उठून कागद पाहिला. वीस.

"बाळ, श्वास मोजलास?"

"हो मॅडम. वीस."

मोहिनीने पर्स उघडली आणि मला बाहेर काढलं. सहा वर्षांनी चावी दिली. माझं सगळं अंग आखडलं होतं, तरी काटा हलला. "परत मोज," ती म्हणाली, "माझ्यासमोर. पुरं एक मिनिट." त्या पोरीने मोजलं. तेहतीस आला.

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, एकोणचाळीस पेशंट आहेत. मी एकटी आहे. मी काय करू, तुम्ही सांगा."

मोहिनी डॉक्टरांना हाक मारायला दाराकडे वळली. खाटेवरून सहादू धापा टाकत, एकेक शब्द तोडत म्हणाला, "तिला बोलू नको. तिच्याकडं... दोन मशिनं दिली असतील."

डॉक्टरांना बोलावलं, त्याला वरच्या मजल्यावर हलवलं. जाताना मोहिनीने मला स्नेहलच्या हातात दिलं. तिने मला छातीवर लावलं, तसंच उलटं. दुसऱ्या दिवशी त्या पोरीने खरंच मोजायला घेतलं. एकेकाला पुरं मिनिट. अकरा रोगी झाले, तोवर बाकीच्यांच्या गोळ्यांना उशीर झाला, आरडाओरडा झाला, तिला ऑफिसात बोलावून झापलं. तिसऱ्या दिवशी अर्धं मिनिट झालं. त्याच दिवशी मोहिनी वडिलांचे कपडे न्यायला आली, एकटीच; सहादू आदल्या रात्री वारला होता. तिने स्नेहलच्या छातीवर मला पाहिलं, पण ती थांबली नाही. पाचव्या दिवशी चावी द्यायची राहिली. मग मी खणात आलो.

मित्रांनो, दवाखान्यात तुमच्या माणसाचा कुणा सिस्टरने हात धरला असेल, तर त्या मिनिटात तिला हाक मारू नका. तेवढं एक मिनिट तिचं आणि तुमच्या माणसाचं असू द्या. आणि एका बाईच्या अंगावर साठ माणसं टाकतात कोण, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर ज्यांना सांगता येईल त्यांना विचारा. मला चावी दिली नाही तरी चालेल. मी काय, जुनं घड्याळ.

आत्ता बाहेर संध्याकाळची फेरी चालली आहे. खण बंद आहे, मला काही दिसत नाही. पण पेन कागदावर चालतं तो आवाज येतो. प्रत्येक खाटेपाशी तेवढेच दोन आकडे, तेवढ्याच वेळात. काय लिहिलं जातंय, ते मला ऐकूनच कळतं.